घरामागचा लाकडी सज्जा बदलताना

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभेत केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे विस्ताराने)



चिटणीसांनी मला 'रेल्वेतल्या गमतीजमती' हा विषय सुचवला होता. गमती पुष्कळ आहेत, पण त्या निवृत्तीनंतर सांगाव्यात अशा आहेत, आणि माझ्या निवृत्तीला अजून पंधरा वर्षे बाकी आहेत. तेव्हा नोकरीला बाधा न आणणारा विषय मी निवडला. आमच्या घरामागचा जुना लाकडी सज्जा आम्ही बदलला, त्याची हकीकत सांगणार आहे. विषय घरगुती आहे. पण इथे बसलेल्यांपैकी किती तरी जणांच्या घराला पुढे किंवा मागे अशी लाकडी गॅलरी आहे, आणि गौरी-गणपतीला तिच्यावर चाळीस माणसे उभी राहतात. म्हणून हा विषय सभेत मांडावासा वाटला.

आमचे घर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. केंपेगौडांनी १५३७ साली हे पेटे वसवले तेव्हापासून इथली जागा व्यापाऱ्यांची. रस्त्याकडे तोंड अरुंद आणि आत खोली मोठी, असेच प्लॉट. आमचेही तसेच. पुढे दुकान, मध्ये काळोखाची खोली, मग जिना, मागे थोडे परस आणि बुजवलेली विहीर. आजोबा विट्याकडून गलाईच्या धंद्यासाठी इथे आले आणि पुढे त्यांनी हे घर घेतले. भिंती विटांच्या आणि चुन्याच्या, वर मद्रास टेरेस. मागच्या बाजूला पहिल्या मजल्यावर परसाकडे काढलेला सागवानी सज्जा, अठरा फूट लांब आणि सात फूट रुंद. वय ऐंशीच्या पुढे. अमेरिकेत आपल्या मुलांच्या घरामागे जो 'डेक' असतो, तोच हा. फक्त तिथे त्यावर मांस भाजतात, आमच्याकडे पापड वाळत.

सज्ज्याची बांधणी साधी होती. घराच्या भिंतीत एका टोकाने घुसवलेल्या नऊ कड्या, दुसऱ्या टोकाला त्या एका आडव्या तुळईवर टेकलेल्या, तुळईखाली तीन खांब आणि खांबांखाली दगडी तळखडे. कड्यांवर फळ्या. गावाकडे ज्याला आपण कडीपाट म्हणतो तेच. वरून काय दिसते? फळ्या, कठडा आणि खांब. नऊ कड्यांची भिंतीतली नऊ टोके कोणालाच दिसत नाहीत. माझे आजचे सगळे बोलणे त्या न दिसणाऱ्या नऊ टोकांबद्दल आहे.

२००५ साली डिप्लोमा घेऊन मी रेल्वेत लागलो. पहिली काही वर्षे रूळमार्गावर काढली आणि मग पुलांच्या कामावर आलो. तेव्हा लहान गर्डरच्या पुलांवर अजून लाकडी स्लीपर बरेच होते. साध्या मार्गावर काँक्रीटचे स्लीपर येऊन जमाना झाला होता, पण गर्डरवर थेट बसवायला लाकूडच सोयीचे. पुढे त्यांच्या जागी पोलादी चॅनेल स्लीपर आले. लाकडी स्लीपर तपासायला मला एका वयस्कर ट्रॅकमनने शिकवले. त्यांना मी मास्तर म्हणत असे. ते स्लीपरच्या मधल्या भागाकडे बघतसुद्धा नसत. थेट वाकून जिथे स्लीपर गर्डरवर बसतो त्या बैठकीत टोचा घालत, आणि मग खिळ्याच्या भोकापाशी. लाकूड मधे कुजत नाही, जिथे पाणी अडकते तिथे कुजते. बैठकीची खाच, बोल्टाचे भोक, दोन लाकडांमधली फट, या जागा पावसानंतर आठ-आठ दिवस ओल्या राहतात. वरचा उघडा भाग उन्हाने दुपारपर्यंत वाळून जातो.

यामागचे शास्त्र थोडक्यात असे. लाकूड कुजवते ती बुरशी. लाकडात साधारण वीस टक्क्यांहून जास्त ओलावा टिकला की बुरशीला जगता येते, त्याखाली ती वाढत नाही. म्हणून वाड्यातली आतली तुळई दोनशे वर्षे टिकते. उलट, कायम पाण्याखाली बुडालेले लाकूडही टिकते, कारण तिथे बुरशीला हवा मिळत नाही. वाईट अवस्था ती मधली, आज ओले, उद्या दमट, परवा पुन्हा ओले. सागाच्या गाभ्यात तेल असते, तो खूप काळ तग धरतो, पण अमर नसतो. आणि कडेच्या फिकट रंगाच्या लाकडाला, म्हणजे रसकाष्ठाला, सागाचे नाव असले तरी सागाचा गुण नसतो.

आता आमच्या सज्ज्यावर पाणी कुठून येत होते ते पाहू. एक, मद्रास टेरेसचे पाणी ज्या पन्हळीतून खाली जायचे ती फुटलेली होती, आणि पावसाळाभर पाणी भिंतीवरून ओघळत नेमके कड्यांच्या टोकांवर येत होते. दोन, भिंतीलगतच्या कोपऱ्यात तुळशीची कुंडी. आईच्या हयातीत आणि नंतर वहिनींच्या हातून त्या तुळशीला रोज पाणी मिळाले, एक दिवस चुकला नाही. तीन, कधी काळी एका गवंड्याने फळ्यांवर दोन इंच सिमेंटचा कोबा टाकून वर लादी बसवून दिली होती आणि भिंतीतल्या कड्यांच्या तोंडाभोवती सिमेंट घट्ट लिंपले होते. चुन्याची भिंत ओल शोषते आणि पुन्हा सोडते. सिमेंटने तोंड बंद केले की आत गेलेले पाणी बाहेर पडायचा मार्ग बुजतो. गवंड्याला वाटले की आपण लाकूड सुरक्षित केले. प्रत्यक्षात त्याने बाटलीला बूच लावले.

त्या कोब्याचा हिशेबही ऐका, कारण सभेत कोणी इंजिनीयर आहे हे दाखवायची हीच संधी. अठरा गुणिले सात म्हणजे १२६ चौरस फूट, सुमारे ११.७ चौरस मीटर. दोन इंच जाडीच्या सिमेंटचे वजन एका चौरस मीटरला ११० किलोच्या आसपास. म्हणजे एकही माणूस उभा नसताना त्या म्हाताऱ्या कड्यांवर जवळजवळ तेराशे किलो बसलेले होते, रात्रंदिवस.

त्यात २०२४ चा उन्हाळा आला. बेंगळुरूत त्या वर्षी पाण्याची काय दशा झाली हे तुम्हांला सांगायला नको. बोअरवेल आटल्या, टँकरचे भाव चढले. प्रत्येक घराने पिंपे भरून ठेवली. आमच्याकडेही दोनशे लिटरची चार पिंपे सज्ज्यावर उभी राहिली. एक पिंप भरले की दोनशे किलोच्या वर. एप्रिलमध्ये एका रविवारी मी पाण्याला गेलो तेव्हा पिंपातल्या पाण्याची पातळी पिंपाच्या कडेला समांतर दिसेना. भिंतीकडची बाजू खाली गेली होती. दोरी लावून मोजले तर मधल्या तीन कड्या भिंतीपाशी पाऊण इंच उतरल्या होत्या. खांबांच्या बाजूला, जिथे सगळे बघतात, तिथे एक सूतही फरक नव्हता.

त्याच दिवशी पिंपे खाली आणली. मग घरात बैठक झाली. आमच्या घरात अजून तिन्ही चुलत्यांचे सामाईक आहे, त्यामुळे खिळा ठोकायचा तरी बैठक होते. थोरले काका म्हणाले, "फळ्या बदलून घेऊ गणपतीच्या आत. पंचावन्न हजारात होतंय म्हणतो सुतार. कड्यांना काय धाड भरली नाही, बर्मा साग आहे. तुझ्या काँक्रीटच्या आधीचा आहे आणि नंतरही राहील." मी म्हटले, "काका, फळी मोडली तर एकाचा पाय अडकेल. कडी भिंतीतून सुटली तर सगळा सज्जा खाली जाईल." त्यावर काकांनी तीन पिढ्यांच्या बारशांची यादी म्हणून दाखवली. सगळी त्या सज्ज्यावर झालेली. मी गप्प बसलो, कारण त्या यादीत माझेही नाव होते.

पण एक गोष्ट मला गप्प बसू देईना. सज्ज्याखालची जागा आम्ही एका साडीच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी दिली आहे. त्याच्याकडची दोन मुले, विशीच्या आतली, रोज दुपारी तिथे सावलीला बसून गठ्ठे बांधतात आणि कधीकधी तिथेच झोपतात. आमचे चाळीस पाहुणे वर, आणि खाली ही दोन पोरे, ज्यांना ना बारशाची यादी माहीत, ना बर्मा साग.

२०२४ च्या गणपतीत सज्ज्याच्या दाराला कुलूप लावले. मीच लावले आणि किल्ली ऑफिसात नेऊन ठेवली. गौरीचे हळदीकुंकू आतल्या खोलीत दाटीवाटीने झाले. परसात पिंपातल्या पाण्यात घरचे विसर्जन झाले ते मुलांनी खिडकीतून डोकी एकमेकांवर चढवून पाहिले. काका त्या दहा दिवसांत माझ्याशी कामापुरते बोलले. सुना कुजबुजल्या. आक्कांनी मात्र, त्या माझ्या आत्या, सगळ्यांच्या देखत विचारले, "अरे, रेल्वेचा पूल बंद करताना पण लोक असेच रुसतात का रे तुझ्यावर?" रुसतात, आक्का. ब्लॉक मागितला की सगळेच रुसतात.

इथे जरा बाहेरच्या जगाकडे वळतो. १६ जून २०१५ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी एका इमारतीची वरच्या मजल्यावरची गॅलरी वाढदिवसाच्या मेजवानीत तेरा तरुण उभे असताना कोसळली. सहा जण गेले, त्यांतले बहुतेक आयर्लंडहून उन्हाळ्यात कामाला आलेले विद्यार्थी. इमारत जुनी नव्हती, दहा वर्षांचीही नव्हती. भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडी कड्या आत पाणी अडकून कुजल्या होत्या आणि भिंतीलगत तुटल्या. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्याने कायदा करून तीन किंवा अधिक घरांच्या इमारतींतल्या अशा गॅलऱ्यांची ठरावीक वर्षांनी तपासणी सक्तीची केली. त्याआधी २००३ साली शिकागोत मागच्या बाजूचे लाकडी जिने-गॅलऱ्या मेजवानीच्या गर्दीत एकावर एक कोसळून तेरा माणसे गेली होती. तिकडचे जाणकार सांगतात की डेक पडतो तो बहुधा घराच्या भिंतीशी जिथे जोडलेला असतो तिथून पडतो. फळ्यांचा दोष क्वचित असतो.

आणि आपल्याकडचे उदाहरण तर ताजे आहे. १५ जून २०२५ ला, रविवारी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार माणसे गेली, कित्येक जखमी झाली. रोज ये-जा करणाऱ्या चार-दोन गावकऱ्यांना त्या पुलाने वर्षानुवर्षे पेलले. रविवारची गर्दी त्याला पेलवली नाही. पुलाचे आणि सज्ज्याचे दुखणे इथे एकच आहे. ३६० दिवस त्यावर दोन बादल्या आणि एक म्हातारी असते. परीक्षा उरलेल्या पाच दिवसांत होते, आणि नेमके त्याच दिवशी आपली सगळी माणसे एकाच वेळी एकाच कठड्याशी ओणवलेली असतात.

आपल्या भारतीय मानकात, आय. एस. ८७५ च्या दुसऱ्या भागात, हा विचार केलेला आहे. राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोचा भार धरायचा, पण गॅलरीसाठी तीनशे. खोलीत पलंग-कपाट असते आणि गॅलरी तर मोकळी असते, मग जास्त कशाला, असे लोक विचारतात. मोकळी असते म्हणूनच. पलंगाच्या जागी माणसे उभी राहत नाहीत, गॅलरीत खांद्याला खांदा लावून उभी राहतात. आमच्या सज्ज्याला हा हिशेब लावला तर साडेतीन टन होतात. चाळीस माणसे धरली तरी अडीच टनांच्या वर जाते. म्हणजे मानक काही फार चढवून सांगत नाही.

दिवाळीनंतर काकांना मी एकच विनंती केली. फळ्या बदलण्याआधी भिंतीत एक वीट काढून बघू, कड्या चांगल्या निघाल्या तर मी एक शब्द बोलणार नाही. काकांनी मान्य केले. आधी खालून धिरे लावले, गोदाम रिकामे करून घेतले, आणि मधल्या कडीपाशी सिमेंट फोडून दोन विटा काढल्या. कडी बाहेरून तांबूस, कडक, हातोडीला खणखणीत वाजणारी. भिंतीत मात्र काकांनी स्वतः बोट घातले आणि बोट आत गेले. काढले तेव्हा बोटाला ओला भुसा लागला होता, चहाच्या चोथ्यासारखा. ते काही बोलले नाहीत. बोट धोतराला पुसले आणि म्हणाले, "उघड बाकीच्या."

नऊ टोकांपैकी पाच नुसती टरफले होती. दोन अर्धी शाबूत, दोन पूर्ण चांगली. चांगली दोन्ही टोके पन्हळीपासून सगळ्यांत लांबची. तुळशीखालची कडी नऊ इंच भिंतीत घुसवलेली होती, त्यातले जेमतेम दीड इंच लाकूड भार घेत होते.

पुढचे काम मी थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येकाच्या घराची गोष्ट वेगळी असते. पहिला खर्च पन्हळीचा. तो सगळ्यांत कमी होता, आणि तो आधी केला नसता तर बाकी सगळा वाया गेला असता. मग कोबा फोडून टाकला. मग फळ्यांवर खडूने आकडे घालून त्या क्रमाने उतरवल्या, पुलावरचे स्लीपर उतरवताना घालतो तसे. वीस फळ्यांपैकी तेरा पुन्हा वापरण्याजोग्या निघाल्या, कारण वरून ऊन खाऊन त्या दर वेळी वाळत होत्या. कड्यांची कुजकी टोके कापून टाकल्यावर मधले चार-साडेचार फूट लाकूड लोखंडासारखे निघाले. त्यातून एक लांब बाक झाला आणि देवघरातला गणपतीचा चौरंग.

सुताराचा एक किस्सा. इथे कन्नडमध्ये सुताराला 'आचारी' म्हणतात हे आपल्याला अंगवळणी पडलेले आहे. विट्याहून आलेल्या मावशींना मी सांगितले की उद्यापासून आचारी येणार आहे, पंधरा दिवस तरी जाणार नाही. त्या घाबरून म्हणाल्या, "एवढं कुणाचं लगीन काढलंय?"

नव्या सज्ज्याबद्दल घरात तीन मते होती. एक मत काँक्रीटची स्लॅब टाकायचे. जुन्या चुन्याच्या भिंतीत काँक्रीटचा सज्जा अडकवणे म्हणजे म्हाताऱ्याच्या खांद्यावर पैलवान बसवणे, ते मी मोडून काढले. दुसरे मत पुन्हा सागाच्याच कड्या भिंतीत बसवायचे. त्यात पुन्हा तीच न दिसणारी नऊ टोके. तिसरे मत माझ्या रेल्वेतल्या मित्रांचे. ते आज इथे आहेत म्हणून नाव घेत नाही. जुने लाकडी स्लीपर लिलावात घे, शंभर वर्षे बघायला नको, असे ते म्हणत होते. हे कृपया कोणीही करू नये. जुन्या स्लीपरना क्रिओसोट मुरवलेले असते. ते दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेले तेल आहे, विषारी, कर्करोगाला कारण होणारे. रुळाखाली ते ठीक आहे. ज्या फळीवर बाळ रांगते आणि पापड वाळतो तिथे ते नको. उन्हाळ्यात त्याचा वास सुटतो तेव्हा ट्रॅकमनसुद्धा नाक धरतो.

शेवटी ठरले ते असे. सज्जा घराच्या भिंतीवर टेकवायचाच नाही. तो स्वतःच्या पायांवर उभा करायचा. बाहेर तीन खांब होतेच, आत भिंतीपासून सहा इंच सोडून आणखी तीन. सगळा सांगाडा पोलादी चॅनेलचा, गॅल्व्हनाइज केलेला. भिंत आणि सज्जा यांच्यात एक इंच फट, वर जस्ताच्या पत्र्याची पट्टी भिंतीत खाचून वाकवलेली, म्हणजे भिंतीवरून आलेले पाणी फटीत न जाता पुढे पडावे. पण चार पायांवर उभे केलेले टेबल जसे हलते तसा असा सज्जाही डुलतो, त्यासाठी दोन्ही दिशांना तिरकस पट्ट्या दिल्या. ही गोष्ट फॅब्रिकेटरला अनावश्यक वाटत होती. मी त्याला पट्ट्या बसवण्याआधी वर चढून कंबर हलवायला सांगितले. मग त्याने स्वतःहून दोन पट्ट्या जास्त घातल्या.

चिकपेटच्या गल्लीत वीस फुटी चॅनेल आणणे हे बांधण्यापेक्षा अवघड. दिवसा हातगाड्या, साड्यांचे गठ्ठे, दुचाक्या आणि मेट्रोतून वर येणारी माणसे. २०१७ साली स्टेशन सुरू झाल्यापासून गल्लीत पाऊल टाकायला जागा नाही. एस. जे. पी. रोडवरून माल घेतला, रात्री आणला, तरी गल्लीच्या वळणावर वीस फुटी लांबी वळेना. म्हणून सगळे तुकडे नऊ फुटांचे करून बोल्टने जोडायचे ठरवले. त्याचा फायदाच झाला. भोके आधी पाडून मग गॅल्व्हनाइज केले. जागेवर वेल्डिंग केले असते तर प्रत्येक सांध्यापाशी जस्त जळाले असते आणि गंजाची सुरुवात तिथूनच झाली असती.

चॅनेल आणि फळी यांच्यामध्ये रबराची पट्टी घातली. रुळाखाली आपण रबर पॅड घालतो, ती कल्पना उसनी आणली. दोन फळ्यांमध्ये चार-पाच मिलिमीटर फट ठेवली. ही फट बघून वहिनी नाराज झाल्या, कारण तीतून डाळ सांडते. डाळ सांडते तिथून पाणीही जाते, म्हणून फट राहिली. कठडा अडीच फुटांचा होता, तो साडेतीन फुटांचा केला. तुळस खाली परसात दगडी चौथऱ्यावर गेली. वहिनींना आता जिना उतरावा लागतो, त्या उतरतात.

खर्च सव्वातीन लाखांच्या आसपास झाला. पंचावन्न हजारांच्या फळ्यांपेक्षा सहापट. तिघांनी सारखा वाटून घेतला. थोरल्या काकांनी आपला हिस्सा सर्वांत आधी दिला. २०२५ च्या गुढीपाडव्याला गुढी नव्या कठड्याला उभी राहिली.

त्या वर्षीच्या गौरीला सज्ज्यावर किती माणसे होती ते मी मोजत बसलो होतो. बायको म्हणाली, "हळदीकुंकवाला आलेल्या बायका मोजतो म्हणून लोक काय म्हणतील?" छत्तीस होत्या. खाली दोरी ताणून ठेवली होती, मधल्या चॅनेलला तीन मिलिमीटर झोल आला आणि सगळ्या आत गेल्यावर तो परत शून्यावर आला. साडीच्या गोदामातली दोन मुले त्या वेळी खाली गठ्ठे बांधत होती. त्यातल्या एकाने वर बघून मला विचारले, "सार्, एन् नोड्ताइदीरा?" काय बघताय? मी म्हटले, काही नाही.

तुमच्यापैकी कोणाला आपल्या घरी बघायचे असेल तर खर्च काही नाही. पावसाळा संपल्यावर आठ दिवसांनी जा. भिंतीलगत, जिथे कडी आत जाते तिथे, बोटाने ओल लागते का बघा. हातोडीने कडी मधून भिंतीकडे ठोकत जा, आवाज खणखणीतचा भद्द झाला की थांबा. टोचा किंवा पेचकस घाला, पाव इंचाहून सहज आत गेला तर जाणकाराला बोलवा. दोरी लावून भिंतीकडची आणि खांबाकडची पातळी लिहून ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. फरशी किंवा कोबा घातलेला असेल तर तो किती जाड आहे ते जरूर बघा. आणि बघेपर्यंत पाण्याची पिंपे खाली उतरवा.

आमच्या घराच्या पुढच्या बाजूची गॅलरी अजून बाकी आहे. चैत्र पौर्णिमेला करगा पेट्यातून जातो तेव्हा आमच्याकडचे पाहुणे त्या गॅलरीत रात्रभर दाटीने उभे असतात. तिच्या कड्या शेजारच्यांच्या भिंतीत गेलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या परवानगीशिवाय वीट काढता येत नाही. बोलणी चालू आहेत. थोरले काकाच करत आहेत. दसरा झाल्यावर एक वीट काढायला शेजारी तयार झाले आहेत.